चार नंबरचा बेडूक

मी तापट माणूस, हे आधीच सांगून टाकतो. धानोऱ्याच्या घरात माझ्या तोंडी लागायला आता कोणी उरलं नाही. बायको गेली, मुलगी चारुलता लग्न होऊन सुरतेला. तापायचं तरी कोणावर? वीरसिंगवर.

वीरसिंग पावरा नर्मदेच्या बुडितातला. गाव पाण्याखाली गेलं तेव्हा सगळे तळोद्याकडच्या वसाहतीत उतरले, हा एकटाच वरच्या टेकाडावर झोपडी बांधून राहिला. लेक सोनम ‘चल’ म्हणून दोनदा येऊन रडून गेली, पण गडी हलला नाही. शेजारी म्हणाल तर दोन शेळ्या. मोबाइलला रेंज नाही.

त्या पाण्यात पुण्याच्या एका संस्थेनं पाच यंत्रं सोडली होती, गाळ किती साठतो ते कळावं म्हणून. मोबाइलची लहर पाण्यात चार हात गेली की मरते. चालतो तो आवाज. म्हणून ही यंत्रं टर्र टर्र करून एकमेकांना निरोप देतात आणि शेवटचं काठावरच्या खांबाला. तिथून उपग्रहानं पुण्याला, आणि माझ्या फोनवरही. वीरसिंग त्यांना बेडूक म्हणायचा. होडीतून त्यांच्यावर नजर ठेवायचं काम त्याचं; बिघडलं की धानोऱ्याहून धावायचं काम माझं.

संस्थेची अट एकच होती. पावसाळ्याआधी सलग तीस दिवस पाचही बेडकांचा निरोप आला पाहिजे. नाहीतर यंत्रं उचलून दुसऱ्या धरणात.

आणि चार नंबर बंद पडायचा! मार्चपासून दर आठ-दहा दिवसांनी. की मी निघालोच: तळोदा, धडगाव, पुढं दुसरी जीप, मग दोन तास पायी उतार. पोचावं तर बेडूक ठणठणीत. पुण्याचे साहेब म्हणाले, ऊन वाढलं की वरचं पाणी तापतं, आवाज खाली वाकतो. मीही मान डोलावली. मग वाटलं, डोंगरावर आपटून आवाज परत येत असेल. मग होडीच्या इंजिनावर संशय घेतला. बॅटरी बदलली, दोर बदलला, काही म्हणता काही उपयोग नाही. डोक्याला नुसता ताप!

रात्री मुक्काम पडायचाच. वीरसिंग मक्याची भाकर, उडदाची डाळ वाढायचा. बोलायचा कमी, पण मी शिव्या घालत असलो की हसायचा. त्या मुक्कामात मला झोप छान लागायची, हेही कबूल करतो.

पाचव्या खेपेला मी पोचलो तर डाळ शिजलेली, दुसरी खाट झाडून अंगणात टाकलेली. घास तोंडात तसाच राहिला. इथं रेंज नाही. मी येतोय हे याला सांगितलं कोणी?

काखेत कळसा!

“वीरसिंग, होडी काढ,” मी ओरडलो.

त्यानं होडी काढली. चार नंबरपासून साठ-सत्तर हातांवर वल्हं उभं पाण्यात खुपसलं. अर्ध्यावरच टेकलं. खाली टेकडी होती, आमच्या नकाशात नसलेली.

“हाई मन्हा घरमांगली टेकडी शे,” तो म्हणाला. “बेडूक हिन्हा मांगे ठेवा, का त्याले ऐकू येत नही.”

“म्हणजे तूच ठेवायचास? आणि मी दिसलो की परत जागेवर?”

त्यानं मान डोलावली.

“का रे बाबा?”

“बंद पडना का तू येस, भाऊ.”

मला गलबलून यायला हवं होतं. पण जात्याच वाईट मी, असा भडकलो की शेळ्या पळाल्या. “माझी नोकरी घालवतोस? अरे, यंत्रं उचलली की मीही कायमचा गेलो, कळतं का? पुन्हा हात लावलास तर याद राख!” संस्थेच्या अटीचं त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही.

त्यानंतर तीस दिवस सलग निरोप आले. पुण्याहून शाबासकी आली, आणि बरोबर हुकूम: यंत्रणा आता भरवशाची झाली, खेपा बंद.

मी रोज सकाळी फोनवर पाच हिरवे ठिपके बघायचो. पाचही हिरवे. चहा एकट्यानं घ्यायचा. खरं सांगतो, मला त्या माणसाची फार आठवण यायची. नुसतं भेटायला जावं, असं कितीदा वाटलं. पण कामाशिवाय कसं जायचं? आम्ही माणसं अशीच येडी.

दिवाळीनंतर एका सकाळी दोन नंबरचा ठिपका लाल झाला. मला इतका आनंद झाला की चप्पल उलटसुलट घातली. चिवडा घेतला, त्याच्यासाठी कानटोपी घेतली. मनात म्हटलं, केलंच लेकानं!

उतरून पोचलो तर दुसरी खाट भिंतीला उभी. चूल थंड. मला बघताच वीरसिंग धावत आला आणि त्यानं हात जोडले.

“भाऊ, आईनी आण, यावेळी मी हात लावेल नही.”

खरंच लावला नव्हता. दोन नंबरच्या तारेत पाणी शिरलं होतं. पण ते मी दुसऱ्या दिवशी बघितलं. त्या वेळी मी फक्त त्याचे जोडलेले हात धरले आणि ओरडलो.

“लावाले पाहिजे व्हता ना, येड्या! सात महिना व्हयनात!”