आवाज बंद करून

आमच्या अमरावतीच्या कॉलनीत नाक्यावर भातकुलीचा एक भाजीवाला बसतो. गिऱ्हाईक नसलं की मोबाइलवर गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळतो आणि त्याचा व्हिडिओ काढतो. एकाच मोबाइलवर दोन्ही केलं तर तो हँग होतो. म्हणून उभ्या क्रेटच्या जाळीवर दुसरा, जुना मोबाइल कॅमेरा खाली करून ठेवतो आणि खेळायचा मोबाइल घेऊन त्याखाली क्रेटमध्ये हात घालून खेळतो. तोंडानं "मेथी, पालक, सांभार" चालूच असतं; सांभार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर.

"व्हिडिओ टाकता कुठं?" मी एकदा विचारलं.

"कुठंच नाई जी. घरी पाह्यतो, आवाज बंद करून." त्यानं मेथीवर पाणी शिंपडलं. "दिवसभर वरडून वरडून माहा आवाज मलेच नको होते."

तेव्हापासून मी भाव विचारत नाही. मेथीकडे बोट दाखवतो. तोही बोटांवरच भाव सांगतो.