सुजाता मॅडमच्या पाठीवरचे रंग

१. सुजाता मॅडम गेल्या. वय चौतीस.
२. घरचे सांगतात, जिन्यावरून पडल्या.
३. गावातल्या डॉक्टरांनी तसंच लिहून दिलं. दुपारीच अग्नी दिला.
४. त्या पडल्या नाहीत. त्यांना नवऱ्यानं मारलं.

कराडला त्यांच्या स्पोकन इंग्लिशच्या क्लासला मी दोन वर्षं होते. भरतीची तयारी करणारी पोरं, नर्सिंगच्या मुली आणि इंजिनिअरिंगची मी.

मॅडम क्रियापदाचा अर्थ सांगायच्या नाहीत. करून दाखवायच्या.

गॅलरीच्या कठड्यावर जुनी सतरंजी टाकलेली असायची.
उघड्या पंजानं एकदा. स्लॅप.
काठीनं एकदा. हिट.
मग बीट. काठी वर, खाली, वर, खाली. धुळीनं सगळे खोकायला लागले तरी चालूच.

"मॅडम, बास करा की. सतरंजी मरंल," सागर म्हणाला. सगळे हसले.

त्या बऱ्याच वेळानं थांबल्या. धापा टाकत म्हणाल्या, "हिट एकदा असतं. बीट म्हणजे मारणारा दमेपर्यंत."

बाही वर सरकली होती. दंडावर बोटांचे वळ.

क्लास सुटल्यावर मी विचारलं.
"पडले गं."
"फॉल की पुश, मॅडम?"
त्या हसल्या. "लय हुशार झालीस. सतरंजी आत घे."

आता मी कारखान्यात तुटलेले पार्ट तपासते. एका दणक्यात तुटलेला आणि रोजच्या ताणानं तुटलेला, दोन्ही वेगळे दिसतात. एकदा नजर बसली की चूक होत नाही.

मॅडमना अंघोळ घालायला आम्ही चौघी होतो. पाणी मी ओतत होते.

पाठ काळी, निळी, हिरवी, पिवळी.
पिवळा वळ त्या दिवशीचा नसतो.

"आवं काकी, हे काय?" चौघींतल्या थोरलीला मी विचारलं.
"पडल्यावर लागतंय. हळद लाव आन झाक."

हिरवी साडी नेसवली. ओटी भरली. मग शेवटचं कुंकू लावायला नवऱ्याला आत बोलावलं.
त्याच्या उजव्या हाताची बोटं सुजली होती. चिमूट नीट धरता येईना. कुंकू त्यांच्या नाकावर सांडलं.

दारातून कुणीतरी म्हणालं, "भाग्याची गं. सवाष्ण गेली."

काल संगमावर दहावा झाला. कावळा लगेच शिवला. सगळे निवांत घरी गेले.

शरीर आता नाही. ते पाहिलेल्या आपण चौघी आहोत.

मॅडम, तुमचा निरोप शनिवारनंतर घेते.

शनिवारी सकाळी मी पोलीस ठाण्यात जबाब देणार आहे. एकटीचा पुरणार नाही, असं वकील म्हणतात. तुम्हा तिघींची नावं इथे लिहीत नाही. तुम्हाला त्याच गल्लीत राहायचं आहे, हे मला माहीत आहे.

येणार की नाही, एवढंच शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मला कळवा. नाही असलं तरी कळवा.