दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं

सुई रेकॉर्डवर टेकवायच्या आधी तो उजव्या हाताचं एक बोट वर करायचा, आमच्या प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहायचा आणि म्हणायचा, "आता घरात कोणी मेलं तरी उठाचं नाही."

आम्ही हसायचो. मग सुई टेकायची आणि ती बाजू संपेपर्यंत कोणी खोकतसुद्धा नसे.

मंगरूळपीरला बसस्टँडच्या मागे त्याचं दुकान होतं. भोंगे, बॅटऱ्या, एक अॅम्प्लिफायर, रेकॉर्डची मशीन. लग्न, निवडणूक, कव्वाली, जिथे म्हणून आवाज मोठा करायचा असेल तिथे त्याला बोलावणं जायचं. जयंतीला मात्र तो आपल्या वस्तीत फुकट भोंगा लावायचा आणि त्या दिवशी बाहेरचं भाडं घ्यायचा नाही. मी तेव्हा पंचायत समितीत नवा कारकून होतो. सत्तरचं दशक संपत आलं होतं, आमचा तालुका अजून अकोला जिल्ह्यात होता, आणि संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर करायचं काय हा माझ्यापुढे रोजचा प्रश्न होता. तो त्यानं सोडवला.

ती रेकॉर्ड त्याला अकोल्याच्या जुन्या बाजारात मिळाली. त्यानं मशीन विकत घेतली, दुकानदारानं वर एक विलायती तबकडी टाकली, कारण ती कोणी नेत नव्हतं. काळं कव्हर. त्यावर मोडके क्रूस असलेलं कबरस्तान आणि मधोमध पांढऱ्या तोंडाचा, डोळ्यांत काजळ घातलेला एक हडकुळा गोरा. पहिल्यांदा लावली तेव्हा त्याला वाटलं, मशीनच बिघडली. त्यानं ती खोलली, तेलपाणी केलं, पुन्हा जोडली. गोरा तसाच ओरडत होता. तिसऱ्यांदा लावली आणि मग तो खाली बसला, असं तोच सांगायचा.

"सालभर मी लग्नातले गाणे वाजवतो, बाबू," तो मला म्हणाला. "सगळे खोटे. सगळे हासून राह्यले. हा एकटाच माणूस खरं बोलते. आपुन मरणार हावो, हे याले माहीत हाये."

आम्ही तिघं त्याचे भक्त झालो. मी, शेजारचा रफीक टेलर आणि इंग्रजी शिकवणारे एक मास्तर. मास्तरांनाही एका गाण्यातले चारच शब्द लागायचे. त्यात दोनदा 'रात्र' आणि एकदा 'रक्त' असायचं. म्हणून गाण्यांना नावं आम्हीच ठेवली. पहिल्या बाजूला 'विहिरीतलं', कारण आवाज तिथून यायचा, आणि 'हाडकांचं'. दुसऱ्या बाजूचं पहिलं 'ढोलवालं'. त्याच्या सुरुवातीला नुसता ढोल वाजायचा, मयतीपुढे वाजतो तसा, सावकाश. आणि सगळ्यांत शेवटी 'शेवटचं'. त्याला दुसरं नाव सुचलंच नाही. आम्हाला त्या रेकॉर्डचा ठोका न् ठोका पाठ झाला. रफीक शिलाई मशीनचं पायडल त्याच तालात मारायचा आणि गिऱ्हाइकांच्या पँट बिघडवायचा.

प्रत्येक गाण्यानंतर तो विचारायचा, "आयकलं का?" नुसतं हो म्हणून भागत नसे. काय ऐकलं ते सांगावं लागे. चुकलं की तो म्हणायचा, "तुह्यासाठी बँडबाजाच बरा. जाय, घोड्यापुढे नाच." ते ऐकून घेण्यापेक्षा कानाखाली बसलेली परवडली असती. आणि तो "पक्का" म्हणाला की मी आठवडाभर ताठ चालायचो.

आपल्याला जे आवडतं ते दुसऱ्याला आवडलं नाही, तर माणूस किती वाईट वागतो हे तुम्हीही पाहिलं असेल. मानोऱ्याकडून एक ग्रामसेवक नवा आला होता, साधा, हसरा. मीच त्याला घेऊन गेलो. दोन गाणी ऐकून तो म्हणाला, "हे कायचं गाणं? कुत्रे भांडून राह्यले जसे." आम्ही त्याला खुर्चीला दाबून धरलं. त्यानं भोंग्याचं तोंड ग्रामसेवकाच्या कानाला लावलं आणि आवाज पूर्ण सोडला. बाजू संपेपर्यंत धरून ठेवलं. सोडला तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि आम्ही पोट धरून हसत होतो. पुढे त्याला त्या कानानं कमी ऐकू येतं असं ऑफिसात बोलत. तोही विनोदच झाला.

त्याचं घर दुकानाच्या मागच्या गल्लीत. घरात म्हातारी आई आणि बायको. आम्ही तिला वहिनी म्हणायचो. एकदा गाणं चालू असताना ती चहा घेऊन आली आणि तिच्या बांगड्या वाजल्या. त्यानं सुई उचलली, चहाचे ग्लास एकेक करून दाराबाहेर रिकामे केले आणि म्हणाला, "पयले तुह्या बांगड्यायचा बाजा बंद कर, मंग ये." आम्ही हसलो. रफीक थोडा कमी हसला.

मी जे सांगायला बसलो ते आता आलं.

बाजाराचा दिवस होता, दुपार कलली होती. पहिली बाजू झाली, त्यानं रेकॉर्ड उलटवली, बोट वर केलं, ते वाक्य म्हटलं. तो, रफीक आणि मास्तर दाराकडे पाठ करून डोळे मिटून बसले होते. मी दाराजवळ. ढोल सुरू झाला आणि वहिनी दारात दिसली. एका हातानं तिनं दुसऱ्या हातातल्या बांगड्या घट्ट धरल्या होत्या, वाजू नयेत म्हणून.

"भाऊजी," ती अगदी हळू म्हणाली, "त्याहीले पाठवा. बुढीचा जीव घाबरा होऊन राह्यला. त्यायचंच नाव घेते."

मी काय केलं? मी उजव्या हाताचं एक बोट वर केलं. त्याच्यासारखंच.

ती थांबली. गाणं संपलं, दुसरं लागलं. ती एकदा गल्लीकडे पाहायची, एकदा त्याच्या पाठीकडे. आत यायची तिची हिंमत झाली नाही. ती हिंमत आम्ही सगळ्यांनी मिळून हसून घालवली होती. मग ती गेली. मी ते शेवटपर्यंत ऐकलं. घाबरलो म्हणून ऐकलं असं आजवर स्वतःला सांगत आलो. खरं हे की मला ते ऐकायचं होतं, आणि नंतर तो काय म्हणेल तेही ऐकायचं होतं.

सुई उचलल्यावर मी म्हणालो, "वहिनी आल्या होत्या. मी उठलो नाही."

त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. "शाबास बाबू! पक्का झाला तू." सदऱ्याच्या टोकानं रेकॉर्ड पुसली, सावकाश कव्हरात सरकवली आणि मग विचारलं, "काय म्हणे?"

मी सांगितलं. त्याचा हात कव्हरातच राहिला. मग तो अनवाणी पळाला.

आम्ही पोहोचलो तेव्हा म्हातारीचं डोकं वहिनीच्या मांडीवर होतं. सगळं संपलं होतं.

म्हातारीच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी लोक जेवून गेल्यावर आम्ही तिघं त्याच्या घरात बसलो होतो. तो अचानक बायकोला म्हणाला, "तुनं उशीर काहून केला?"

"मी कवाची दारात उभी होती," ती म्हणाली. "या भाऊजीले इचारा."

तो माझ्याकडे वळला. "बाबू, हे आली तवा कोनतं गाणं चालू होतं?"

मी वहिनीकडे पाहिलं नाही. म्हणालो, "शेवटचं. संपतच आलं होतं."

"नाही," ती म्हणाली. "लय येळ..."

"आयकलं का?" तो ओरडला. "त्याले त्या रेकॉर्डचा ठोका न् ठोका पाठ हाये. तुले काय समजते त्यातलं?"

मी सांगितलेलं त्यानं खरं मानलं, कारण मला गाणं कळायचं. तिला कळत नव्हतं.

त्यानंतर त्यानं आमच्यासाठी ती रेकॉर्ड कधी लावली नाही. पण एक नवं वाक्य त्याच्या तोंडी बसलं. भाकर करपो, पाणी उशिरा येवो, गिऱ्हाईक समोर असो, तो म्हणायचा, "हे? हे शेवटच्या गाण्याले येणारी बाई हाये." गल्लीनं ते उचललं. हापशीवर उशिरा आलेल्या बाईला बाया म्हणू लागल्या, "आली शेवटच्या गाण्याले." कशावरून ते बऱ्याच जणींना ठाऊकही नव्हतं. वहिनी तिथेच घागर भरत उभी असायची.

माझ्याशी मात्र तो फार चांगला वागायचा. माझी बदली वाशीमला झाली, तरी त्या बाजूला गेलो की हाताला धरून चहाला न्यायचा आणि लोकांना सांगायचा, "या बाबूनं मले खरं सांगतलं. नाही तर बायकोनं मले फसवलंच होतं." मी चहा प्यायचो. दर वेळी ठरवायचो, आज सांगू. दर वेळी ग्लास खाली ठेवून बस पकडायचो. अशी वीसेक वर्षं मी ती बस पकडली.

तो गेल्याचं रफीकनं कळवलं. मी गेलो तोवर लोक येऊन गेले होते. भिंतीवर त्याचा फोटो, त्याला ताजा हार. वहिनीनं ट्रंकेतून कापडात गुंडाळलेली रेकॉर्ड काढली आणि माझ्यापुढे ठेवली. "तुमच्या कामाची हाये. घेऊन जा."

मी ती बाहेर काढली. दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं खिळ्यानं खरवडलेलं होतं. एकदा नाही, किती वेळा कोण जाणे. तिथे काळ्याचं पांढरं झालं होतं. बाकी रेकॉर्ड स्वच्छ होती. कडेचं पहिलं गाणं, ढोलवालं, तर नव्यासारखं चकाकत होतं.

"भाऊजी, एक इचारू?" ती म्हणाली. ती खालीच पाहत होती. "मले गाण्यातलं समजत नाही. पण मी आली तवा नुसता ढोल वाजून राह्यला होता. मयतीसारखा. वाजत होता का नाही?"

माझ्या मांडीवर रेकॉर्ड होती. ती उचलून उठावं आणि बस पकडावी असं याही वेळी मनात आलं.

"वाजत होता," मी म्हणालो. "सुरुवातीलाच आल्या होत्या तुम्ही."

"मंग मी येडी नोयती," ती म्हणाली.

तिनं माझ्या हातातून रेकॉर्ड परत घेतली. पदराच्या टोकानं पुसली, सावकाश, तो पुसायचा तशीच, आणि कव्हरात सरकवली. माझ्याकडे पाहिलंही नाही. भिंतीवरच्या फोटोकडे वळली आणि म्हणाली,

"आयकलं का?"