पट्टा कुठेच जात नाही

किस्से मी गोळा करत नाही हो, ते आपोआप साचतात; एसीचं पाणी बादलीत साचतं तसे! चंद्रपुरातल्या एका हार्ट क्लिनिकमध्ये माझी स्ट्रेस टेस्टची खोली आहे. एक ट्रेडमिल, एक मॉनिटर आणि खिडकीत सागाचं झाड. पेशंटच्या छातीवर वायरी लावायच्या, त्याला पट्ट्यावर चालवायचं, दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ वाढवायचा. डॉक्टर शेजारी उभे राहून आलेख बघतात. आणि चालता चालता माणसं कुठल्या कुठे निघून जातात!

*

चिमूरकडच्या एका मावशींनी पट्ट्याकडे बघून विचारलं, "हा कुठी जाते?"

"कुठेच नाही, मावशी."

"मंग मी काऊन चालू?"

"चालताना हृदयाला रक्त पुरतं का, ते बघायचंय."

सहा मिनिटं चालल्या. रिपोर्ट चांगला. पण उतरेनात. "आता उलटा फिरव, बाई. मले वापस जायाचं हाय!"

*

ऊर्जानगरचे एक काका, वीज केंद्रातून रिटायर झालेले. पट्ट्यावरून ओरडत होते, "लोड वाढव! हे युनिट ट्रिप नाई होत!"

तिसऱ्या टप्प्यात एकदम गप्प. मग हळूच, "छाती आवळून राह्यली."

लगेच थांबवलं. आलेखही बिघडला होता. डॉक्टरांनी थॅलियम स्कॅनला नागपूरला पाठवलं. त्यात हृदयाचे दोन फोटो काढतात, एक ताण दिल्यावर आणि एक आरामात. काकांच्या ताणाच्या फोटोत एक कोपरा फिका होता, आरामाच्या फोटोत तोच उजळलेला.

"स्नायू जिवंत आहे," रिपोर्ट बघून आमचे डॉक्टर म्हणाले, "रक्ताच्या वाटेत अडथळा आहे."

काकांनी दोन्ही फोटो पुन्हा निरखले. मग चेहरा खुलला. "म्हणजे युनिट चांगलं हाय, कोळसा पोचून नाई राह्यला!"

अँजिओप्लास्टी झाली. आता रोज फिरायला जातात.

*

राजुऱ्याच्या एका ताईंचे गुडघे गेलेले. त्यांना चालवता येईना, म्हणून इंजेक्शनने ठोके वाढवून हृदयाची सोनोग्राफी केली.

"घाबरू नका, पडल्या पडल्या छाती धडधडेल."

ताई छताकडे बघत हसल्या. "नवरा खाणीत उतरला का रोजच धडधडते, बाई!"

*

आणि ते गडचिरोलीच्या जंगलातले आजोबा. फॉर्म भरताना विचारलं, "सोबत कोण?"

"कोनी नाई. म्हातारी होती, मागच्या उन्हाळ्यात गेली."

पट्ट्यावर चढले, दांडा धरला आणि डोळे मिटले.

"डोळे उघडा आजोबा, पडाल!"

"नाई पडत. रोजची वाट हाय."

पाऊल इतकं हलकं, की आवाज नाही. चेहऱ्यावर ऊन-सावली खेळल्यासारखं काहीतरी. मग अचानक हात वर केला. मी पट्टा थांबवला.

"काय झालं? छातीत दुखतंय?"

"नाई. ते मांगं राह्यली."

टेस्ट मध्येच थांबली की पुन्हा पहिल्यापासून. पण डॉक्टरांनी खुणेनंच सांगितलं, थांबू दे. आजोबा डोळे मिटून, मान जराशी वळवून उभे होते.

"हं, आली. चालू कर, बाई."

मी पट्टा सुरू केला. सगळ्यात कमी वेगावर.