रिलेतला खो

खोटं मी फार मोठं बोलले नव्हते. शाळेत असताना खो-खोच्या जिल्हा संघात होते, एवढंच लेकीला सांगितलं होतं. राखीव होते आणि तीन दिवस बाकावर बसून इतरांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळल्या, हे तेवढं गाळलं. लेक तेव्हा सहा वर्षांची. तिला काय करायचे होते तपशील?

पण पोरं मोठी होतात. पाचवीत तिने वर्गात सांगून टाकलं की माझी आई इंडियाची चॅम्पियन आहे. झालं. टोकियोत, निशी-कसाईतल्या तिच्या जपानी शाळेच्या उन्दोकाईत, म्हणजे क्रीडादिनात, पालकांच्या रिलेमध्ये माझं नाव लागलं. नाही म्हणायची सोय नव्हती. अख्ख्या वर्गात लेक खोटारडी ठरली असती.

महिनाभर मी नदीकाठी गुपचूप पळायला गेले. नवऱ्याला सांगितलं, भाजी आणायला जाते. त्या महिन्यात घरात भाजी फार झाली.

रिलेत मी खरंच बरी धावले. समोर पुढचे गडी उभे होते, कुणाचे तरी चष्मेवाले बाबा, माझ्याकडे पाठ करून, एक हात मागे धरून. ती पाठ दिसली आणि माझं भान सुटलं. त्यांच्या पाठीवर सणसणीत थाप मारून मी ओरडले, "खो!"

बाबा सुसाट सुटले. बॅटन माझ्याच हातात. नाव माहीत नव्हतं, म्हणून 'ओतोसान, ओतोसान', म्हणजे 'अहो बाबा, अहो बाबा', करत मी मागे धावले आणि अर्ध्या मैदानात गाठून बॅटन त्यांच्या हातात कोंबलं. आम्ही शेवटचे आलो. वर त्यांनीच तीनदा वाकून माझी माफी मागितली.

आम्ही दोघी सायकलवरून घरी निघालो. सिग्नलला थांबल्यावर मी सगळं कबूल केलं.

"म्हणजे एकदाही खेळली नाहीस?"

"एकदाही नाही."

सिग्नल हिरवा झाला तरी ती हलेना.

"बास्केटबॉलला मी पण बाकावरच असते," ती म्हणाली. "चार महिने झाले. तुला कसं सांगणार? तू चॅम्पियन."

फुशारकी माझी, आणि चार महिने तोंड मिटून बसली ती.

"आजीला सांगू नकोस," ती म्हणाली.

"नाही सांगणार," मी म्हटलं. ती बास्केटबॉलची कॅप्टन झाल्याचं मी आजीला केव्हाच कळवून बसले होते.