चित्राखालची ओळ

नऊ सप्टेंबर. रुपये अडतीस हजार सातशे पन्नास फक्त.

पाकीट मीच फोडले. शाळेच्या नावाने येणारे प्रत्येक पाकीट आधी माझ्या टेबलावर येते, आवक नोंदवहीत क्रमांक घेते आणि मगच पुढे सरकते. चौतीस वर्षे हाच क्रम आहे. आत छायाचित्रे विकणाऱ्या एका संस्थेची नोटीस होती. शाळेने छापलेल्या सचित्र विज्ञान पुस्तिकेत पान तेवीसवर त्यांच्या एका छायाचित्रकाराचे चित्र विनापरवाना वापरले आहे, खाली त्याचे नावही दिलेले नाही, सबब वरील रक्कम तीस दिवसांत भरावी.

चित्र चतुराचे होते. पाण्यातली अळी गवताच्या काडीवर चढून बसते, तिची पाठ उकलते आणि आतून ओला, चुरगळलेल्या पंखांचा चतुर बाहेर येतो. तो नेमका अर्धा बाहेर आलेला असतानाचे ते चित्र होते.

चित्रे जमवली होती आमच्या विज्ञानाच्या बाईंनी. मुले त्यांना पडदाबाई म्हणतात. वर्गात पाऊल टाकले की हजेरीच्या आधी त्या पांढरा पडदा खाली ओढतात, म्हणून. शाळेत प्रोजेक्टर यायच्या आधी त्या जुन्या कॅलेंडरांतली चित्रे कापून पुठ्ठ्यावर चिकटवत. आता इंटरनेटवरून घेतात. पण तेव्हापासून आजपर्यंत एक गोष्ट बदललेली नाही. चित्र कुठलेही असो, त्याच्याखाली बारीक अक्षरात ते कुणी काढले हे लिहिलेले असते, आणि तेच एका जाड वहीतही उतरवलेले असते. वहीत अकराशेच्या वर नोंदी आहेत. मी हिशेबातला माणूस, त्यामुळे शाळेतल्या इतर कुणापेक्षा त्या वहीचे कौतुक मला जास्त.

ही सवय बाईंच्या वडिलांची. ते दुकानांच्या पाट्या रंगवायचे. पाटीच्या उजव्या कोपऱ्यात आपले नाव घालायचे, आणि बाई सांगतात त्याप्रमाणे, कधीकधी ते दुकानाच्या नावापेक्षा ठसठशीत असायचे. एका गिऱ्हाइकाने ते पुसायला लावले तेव्हा वडिलांनी मजुरी घेतली, नाव पुसले आणि घरी येऊन दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

नोटीस आली त्याच दुपारी मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, आम्हा दोघांना बोलावले.

"भाऊसाहेब, एवढे पैसे आपण वर्षभरात खडूवर घालवत नाही!"

"खडूवर सहा हजार चारशे," मी म्हणालो.

"तुम्ही जरा गप्प बसा." मग त्या पडदाबाईंकडे वळल्या. "तुम्ही तर प्रत्येक चित्राखाली नाव लिहिता ना? मग हे कसं झालं?"

बाई पान तेवीस बघत उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "राहिलं असेल माझ्याकडून."

शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या कार्यकारिणीने दोन दिवसांत निर्णय दिला. रक्कम बाईंच्या पगारातून पाच हप्त्यांत वसूल करावी. आणि पुढील आदेशापर्यंत कुठल्याही वर्गात इंटरनेटवरचे चित्र दाखवू नये. परिपत्रक मीच टाइप केले.

"पगारातून कापा," बाई मोठ्या बाईंना म्हणाल्या, "पण पडदा बंद करू नका. हृदयाच्या झडपा मी काय हातवारे करून दाखवू?"

"आदेश आहे, बाई."

प्रयोगशाळा आणि माझे कार्यालय यांच्यात एकच भिंत आहे आणि भिंतीत वर एक झडप आहे, त्यामुळे त्यांचा तास मला रोज ऐकू येतो. पडदा गुंडाळलेला राहिला. बाईंनी फळ्यावर खडूने चतुर काढला.

"बाई, हे विमान आहे का?" एका मुलीचा आवाज आला.

वर्ग हसला. बाईही हसल्या. म्हणाल्या, "हो. आणि वैमानिक सुट्टीवर आहे." पण नंतर बराच वेळ फळा पुसल्याचा आवाज येत राहिला.

मधल्या सुट्टीत त्या वही घेऊन माझ्याकडे आल्या. नोंद आठशे चौऱ्याहत्तर. चतुर, छायाचित्रकाराचे नाव, मिळाल्याची तारीख.

"वहीत आहे, भाऊसाहेब. पुस्तिकेत नाही. तिथे एकाही चित्राखाली नाव नाही. म्हणजे छापखान्याला दिलेल्या चित्रांवर लिहायचं मीच विसरले." खुर्ची ओढून बसल्या. "पैशाचं सोडा. मुलांना मी रोज सांगते, दुसऱ्याचं घ्याल तर त्याचं नाव सांगा. आता कुठल्या तोंडाने सांगू? आणि इथे विसरले, तर आणखी कुठे कुठे विसरले असेन?"

मी म्हणालो, होते कधीकधी. याहून निरुपयोगी वाक्य त्या महिन्यात मी बोललो नसेन.

नोटिशीला उत्तर द्यायचे म्हणून दुसऱ्या दिवशी मी छपाईची फाइल काढली. बाईंनी छापखान्यासाठी दिलेली मूळ चित्रे त्यातच होती, पोचपावतीसह. एकूण चौसष्ट. चतुराचे चित्र बाविसावे. त्याच्याखाली बाईंच्या बारीक अक्षरात ओळ होती. छायाचित्रकाराचे नाव, पूर्ण. त्याआधीच्या चित्राखालीही ओळ होती. नंतरच्याही. सगळ्या चौसष्टांखाली.

फाइलमध्ये त्याच्याच पुढचा कागद माझ्या हस्ताक्षरातला होता. छापखान्यास सूचना: प्रत्येक चित्राची खालची अर्धा इंच पट्टी कापावी, म्हणजे एका पानावर दोन चित्रे बसतील. खाली माझी सही. कडेला माझ्याच हाताने पेन्सिलीने लिहिलेले: बचत रु. २,६४०.

या बचतीबद्दल सभेत माझे नाव घेतले गेले होते. घरी येऊन सांगितले तेव्हा बायको म्हणाली होती, "आता त्याचा बंगला बांधा."

त्या संध्याकाळी मी तिला फाइलचे सांगितले. ती भाजी निवडत होती. हात थांबला नाही.

"म्हणजे तुमची काटकसर पडदाबाईंच्या पगारातून कापली जाणार."

"निवृत्तीला नऊ महिने राहिलेत. सेवापुस्तकात एक शेरा नाही माझ्या."

"मग काय, नऊ महिने मान खाली घालून जा कामावर. मानेला व्यायाम होईल."

सकाळी मी दोन्ही कागद मोठ्या बाईंच्या टेबलावर शेजारीशेजारी ठेवले. चूक माझी आहे, वसुली माझ्याकडून व्हावी, असे लेखीही दिले. त्यांनी वाचले, चष्मा काढला, पुन्हा घातला आणि शिपायाला पडदाबाईंना बोलवायला पाठवले.

बाईंनी चित्र हातात घेतले आणि खालची ओळ मोठ्याने वाचली. "होतं ना! मी लिहिलं होतं!" एखाद्या मुलाचा चांगला निकाल सांगावा तशा त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघितले. "भाऊसाहेब, तुम्ही नावं कापलीत?"

"मला तेव्हा नुसती पट्टी दिसली. जागा अडवते."

"बाबांचं ते गिऱ्हाईकही हेच म्हणालं होतं."

एवढेच बोलल्या. मला तेवढे पुरले.

माझी भाची वकिलाच्या कार्यालयात काम करते. मोठ्या बाईंच्या समोरच तिला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि सगळे सांगितले.

"मामा, तुम्ही? पट्टीने आखून सही करणारे तुम्ही?" ती आधी पोटभर हसली. मग सांगू लागली. "वर्गात पडदा पाडून चित्र दाखवलं, समजावलं, पडदा गुंडाळला, तर शिकवण्यासाठी म्हणून कायदा साधारणपणे सवलत देतो. म्हणजे बाई वर्गात करत होत्या ते बहुतेक ठीकच होतं. पण तेच छापलं, त्यावर किंमत टाकली, मुलांना विकलं आणि शाळेच्या वेबसाइटवर चढवलं, की तो वर्ग राहत नाही, दुकान होतं. किंमत कुणी टाकली?"

मोठ्या बाई खिडकीबाहेर बघत होत्या. पुस्तिका विकायची कल्पना त्यांची.

"आणि नाव लिहिलं असतं तरी सुटला नसतात," भाची म्हणाली. "नाव सांगणं वेगळं, विचारणं वेगळं."

हे बाईंनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतले. "म्हणजे माझंही थोडं चुकलंच," म्हणाल्या.

"मग आता करायचं काय?" मी विचारले.

"पुस्तिका वेबसाइटवरून आजच काढा. विक्री थांबवा. आणि त्या छायाचित्रकाराला पत्र लिहा. वकिली भाषेत नको. माणसाने माणसाला लिहावं तसं."

पत्र बाईंनी लिहिले. मूळ चित्राची प्रत जोडली, खालच्या ओळीसकट. माझ्या सूचनेच्या कागदाची प्रत मी जोडली. बाई नको म्हणत होत्या, पण जोडपत्राशिवाय पत्र पाठवायची मला सवय नाही.

नवव्या दिवशी फोन आला. छायाचित्रकार एका पाणीपुरवठा केंद्रावर पंप चालवणारे गृहस्थ निघाले. आवाज चढा होता, पंपाशेजारी आयुष्य गेल्यामुळे असेल.

"नोटीस संस्थेने पाठवली, त्यांचं ते कामच आहे. मला राग आला तो नावाचा. अकरा दिवस रोज सकाळी टाकीच्या काठावर पालथा पडलो होतो, तेव्हा तो एकदा दिसला. ती तुमची ओळ बघितली बाई. अक्षर चांगलं आहे."

"वर्गात दाखवायचं बंद केलंय आम्ही," बाई म्हणाल्या.

"का? त्याला मला काय विचारायचं? दाखवा की! नाही दाखवलं तर मी पालथा कशाला पडलो?"

त्यांनी नोटीस पाठवणाऱ्या संस्थेशी बोलून छापील प्रतींचे सहा हजारांवर ठरवले. अट एकच, उरलेल्या प्रतींत नाव आले पाहिजे. त्या सहा हजारांत दोन हजार सहाशे चाळीस मी भरले, बाकी शाळेने. सेवापुस्तकात माझ्या नावावर एक शेरा आला. नोंद मीच घेतली, तारखेसह.

पहिले परिपत्रक रद्द झाले. दुसऱ्यात लिहिले आहे: वर्गात दाखवा, नाव सांगा, छापायचे असेल तर आधी विचारा. भिंतीपलीकडून पडदा खाली ओढल्याचा आवाज आला तेव्हा मी बेरीज करत होतो. ती चुकली. पुन्हा केली.

बाई वर्गाला टाकीच्या काठावरच्या अकरा सकाळी सांगत होत्या.

"बाई, त्याला कामावरून काढलं नाही?" कुणीतरी विचारले.

"कामाच्या वेळेआधी जायचा."

"एवढ्या लवकर उठून?" यावर वर्गाला चतुरापेक्षा जास्त आश्चर्य वाटले.

उरलेल्या त्रेसष्ट चित्रांसाठी बाईंनी पत्रे लिहिली, जावक क्रमांक मी घातले. एकेचाळीस जणांनी हो म्हटले, बहुतेकांनी फुकट. सहा जणांनी नाही म्हटले. सोळा जणांचे उत्तर नाही. ज्यांची परवानगी नाही त्या चित्रांवर मुलांनी स्वतः काढलेली चित्रे चिकटवली. त्यातला एक बेडूक बटाट्यासारखा आहे, पण खाली काढणाऱ्या मुलीचे नाव आहे, आणि बाईंनी ते मूळ चित्रांइतक्याच बारीक अक्षरात लिहायला लावले आहे. न विकलेल्या दोनशे बारा प्रतींत नावांच्या पट्ट्या चिकटवायला दोन शनिवार गेले. पट्ट्या मी कापल्या. अर्धा इंच. त्या प्रती आता ग्रंथालयात आहेत, विक्रीस नाहीत.

परवानगी देणाऱ्यांपैकी एकाने, पान एकेचाळीसवरच्या मुंग्यांच्या चित्रासाठी, तीनशे रुपये मागितले आहेत. त्यांनी कळवलेल्या खाते क्रमांकात एक आकडा कमी आहे. विचारणा पाठवली आहे, उत्तर आलेले नाही. रुपये तीनशे अद्याप देणे आहेत.