रोमन ओसऱ्यांचं पुस्तक

डायबिटीसने आईचा एक डोळा आधीच नेला होता. दुसऱ्याबद्दल डॉक्टर म्हणाले, "मॅडम, जे लिहायचं-वाचायचं असेल ते आत्ताच उरका." नाशिकच्या कॉलेजात जन्मभर इतिहास शिकवलेल्या बाईला याहून मोठी शिक्षा नव्हती. तिने प्राचीन रोममधल्या खांबांच्या लांबलचक ओसऱ्यांवर मराठीत पुस्तक लिहायला घेतलं. "देवळाच्या मंडपापुढे गाभारा असतो," ती सांगायची. "इथे काहीच नाही. ओळीने खांब, वर छप्पर. ऊन-पाऊस चुकवायला कुणीही यावं, फिरावं, भांडावं." एकच प्रकरण उरलं होतं. तपासणीला जायचं मात्र ती दर वेळी पुढे ढकलायची. नीट दिसतंय, म्हणायची. ते मलाही सोयीचं होतं, म्हणून मी मान डोलवायचे.

तिचा कॉम्प्युटर जुना, त्यावर मीच लिनक्स टाकलेलं. तो फारच रखडायला लागला, तेव्हा एका रविवारी सकाळी मी साफसफाईला बसले. काळ्या पडद्यावर कमांड टाइप करणं मला कधी जमलं नाही. माझं सगळं काम त्या सॉफ्टवेअरच्या दुकानासारख्या खिडकीतून. चित्र, नाव आणि शेजारी बटण: बसवा किंवा काढा. वापरात नसलेलं सॉफ्टवेअरचं एक जुनं पॅकेज मी काढायला घेतलं. याच्याबरोबर हेही निघेल, चालेल का, असं खिडकीने विचारलं. खाली भली मोठी यादी. पोरांना 'आधी प्रश्न पूर्ण वाचा' असं सांगून थकलेल्या बाईची मी मुलगी. यादी न वाचताच 'हो' दाबलं आणि भाजी आणायला गेले.

परत आले तर आई टाइप करत होती. तरुणपणी टायपिंगच्या परीक्षा दिलेल्या, त्यामुळे तिची बोटं न बघता चालायची. मी मागून स्क्रीन पाहिला. मराठीचं एक अक्षर नव्हतं. इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं, सगळी खिचडी. इंग्रजी अक्षरांना मराठी रूप देणारा तिचा जुना फॉन्ट त्याच यादीत होता आणि मी तो उडवला होता. तसा मजकूर शाबूत होता, फॉन्ट पुन्हा बसवला की दिसला असता. पण आधी ओरडा खायचा होता, म्हणून मी तशीच उभी राहिले.

आई ओरडली नाही. ती शांतपणे पुढची ओळ टाइप करत होती.

पिशवी माझ्या हातातच राहिली. शेवटी मी म्हणाले, "आई, आत्ता लिहिलेलं वाक्य वाचून दाखव ना."

तिने स्क्रीनवर बोट ठेवलं. त्या खिचडीवरून ते डावीकडून उजवीकडे सरकवत, कुठेही न अडखळता वाचलं, "दुपार कलली की खांबांच्या सावल्या आत येत आणि फिरणारे लोक त्या ओलांडत चालत राहत."

इतकी भीती मला आजवर कशाचीच वाटली नव्हती.

"गप्प का गं?" आई म्हणाली. "तिथून दिसत नाहीये का? अक्षरं मोठी करू?"

"नको," मी म्हणाले. "दिसतंय."